मुदत उलटून गेल्यावर

गोष्ट ११ नोव्हेंबर १९११ ची. हार्वर्डच्या मैदानावर त्या शनिवारी एक विजोड सामना रंगला होता. एका बाजूला अमेरिकेतल्या सर्वांत जुन्या विद्यापीठाचा संघ, आणि समोर पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल गावच्या आदिवासी शाळेची पोरे.

हा फुटबॉल आपल्या ओळखीचा नव्हे. अंडाकृती चेंडू हातात घ्यायचा आणि आडवे येणाऱ्यांना चुकवत पलीकडची रेषा गाठायची, असा हा अमेरिकी धसमुसळा खेळ. हार्वर्डच्या प्रशिक्षकाने पाहुण्यांना इतके किरकोळ धरले, की सुरुवातीला राखीव गडीच उतरवले. जिम थॉर्प नावाचा विशीतला तरुण दुखऱ्या पायाला पट्ट्या बांधून खेळत होता. त्याने चार वेळा लाथेने चेंडू खांबांमधून धाडला, एकदा रेषाही गाठली. कार्लाइल १८, हार्वर्ड १५! त्या मोसमात कार्लाइलने बारापैकी अकरा सामने जिंकले.

ही शाळा कसली होती, ते सांगायला हवे. १८७९ साली रिचर्ड प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने जुन्या बराकींत ती काढली. आदिवासी मुलांना गोऱ्यांसारखे करायचे, हा तिचा उद्देश. मुले आली की त्यांचे केस कापत, अंगावर गणवेश चढवत, मातृभाषा बोलायला बंदी असे. घरापासून शेकडो मैलांवर कित्येक मुले आजारपणात दगावली. दीडशेहून अधिक कबरी त्या आवारात होत्या.

थॉर्प हा आजच्या ओक्लाहोमातल्या सॅक अँड फॉक्स जमातीचा. त्याच्या आदिवासी नावाचा अर्थ उजळलेली वाट. वाट मात्र अंधारीच होती. जुळा भाऊ चार्ली लहानपणीच न्यूमोनियाने गेला, पुढे आई गेली, मग वडील. १९०४ साली तो कार्लाइलला आला. तिथे ग्लेन वॉर्नर या प्रशिक्षकाने त्याच्यातला खेळाडू हेरला.

१९१२ हे त्याचे वर्ष. जुलैत स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्ये त्याने पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन ही दोन्ही सुवर्णपदके जिंकली. घरी परतून पुन्हा कॉलेजच्या मैदानावर उतरला. ९ नोव्हेंबरला वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीशी सामना होता. वुंडेड नी इथे लष्कराने आदिवासींचे हत्याकांड केले, त्याला जेमतेम बावीस वर्षे झाली होती. कार्लाइलने भावी सेनाधिकाऱ्यांना २७-६ असे हरवले. थॉर्पला अडवायला धडपडणाऱ्यांत ड्वाइट आयझेनहॉवर नावाचा एक तरुण होता. तो पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झाला.

आणि जानेवारी १९१३ मध्ये एका वर्तमानपत्राने बातमी छापली. थॉर्पने १९०९ आणि १९१०च्या उन्हाळ्यात उत्तर कॅरोलायनात पैसे घेऊन बेसबॉल खेळला होता. रक्कम पोटापुरतीच. कॉलेजची कितीतरी मुले असे खेळत, पण खोटे नाव लावून. हा भाबडा गडी स्वतःच्याच नावाने खेळला. ऑलिंपिक तर हौशी खेळाडूंचे. वॉर्नरसाहेबांनी कानांवर हात ठेवले. थॉर्पने चूक कबूल केली. पदके परत गेली, त्यांच्याबरोबर स्वीडनचा राजा आणि रशियाचा झार यांनी दिलेली बक्षिसेही गेली.

मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली. नियमाचे पुस्तक हाताशी ठेवूनच आमचा दिवस उगवायचा. म्हणून या कथेतले पुढचे कलम मला फार बोचते. १९१२च्या ऑलिंपिकच्या नियमांत स्पष्ट होते, की खेळाडूच्या पात्रतेवरचा आक्षेप ३० दिवसांच्या आत यायला हवा. इथे तर सहा महिने उलटले होते. नियमावर बोट ठेवून त्याला दोषी ठरवणाऱ्यांनी त्याच पुस्तकातले दुसरे पान उलटलेच नाही! लहान खातेदाराला नियम दाखवायचा आणि त्याच्या बाजूचे कलम मिटून ठेवायचे, हे नोकरीत मीही पाहिले आहे. कधी गप्पही बसलो आहे.

थॉर्प पुढे व्यावसायिक बेसबॉल आणि फुटबॉल खेळला. १९२० साली, आज एनएफएल म्हणून गाजणाऱ्या संघटनेचा तो पहिला अध्यक्ष झाला. पण खेळ थांबला तशी ओढाताण सुरू झाली. मजुरी, सिनेमातली चिल्लर कामे, दारू. १९५० साली पत्रकारांनी त्याला अर्धशतकातला सर्वश्रेष्ठ खेळाडू निवडले. २८ मार्च १९५३ रोजी तो गेला.

तीस वर्षांनी फ्लॉरेन्स रिडलन या संशोधिकेने १९१२ची ती नियमपुस्तिका शोधून काढली. १९८२ साली ऑलिंपिक समितीने त्याला संयुक्त विजेता मानले. पुढच्या वर्षी पदकांच्या प्रतिकृती मुलांच्या हाती आल्या. एकमेव विजेता म्हणून त्याचे नाव लागायला जुलै २०२२ उजाडले. डेकॅथलॉनमध्ये दुसरा आलेला स्वीडनचा ह्यूगो विस्लांडर तर खरा विजेता थॉर्पच, असे जन्मभर मानत होता.

कार्लाइलची शाळा १९१८ साली बंद झाली. २०१७ पासून तिथल्या कबरींतली मुले एकेक करून आपापल्या मुलखात परत जाऊ लागली. थॉर्प मात्र अजून पेनसिल्व्हेनियातच आहे. ज्या गावाशी त्याचा काही संबंध नव्हता, त्या गावाने त्याचे शव मिळवून त्याचे नाव धारण केले. ओक्लाहोमाच्या मातीत नेण्यासाठी मुले कोर्टात भांडली आणि हरली. पदके मिळाली, घर नाही. त्या अर्जावरही कुणीतरी मुदतीचा शिक्का मारला असेल का, असे माझ्या जुन्या कारकुनी मनात येऊन जाते.