शिकाऊ हाताची किंमत

पेणचा मूर्तिकार असो की धाटावच्या औद्योगिक वसाहतीत राबणारा रोह्याचा कामगार, पित्ताशयातील खड्यांनी बेजार झालेल्या माणसास दुर्बिणीची शस्त्रक्रिया वरदानच वाटते. तीन-चार लहान छिद्रांवर भागते आणि बुडणारी मजुरी वाचते. परंतु दुर्बीण धरणारा हात कोठे व कसा शिकला, हे रुग्णास ठाऊक नसते. या प्रश्नाला पद्धतशीर उत्तर देणाऱ्या डॉ. विल्यम हाल्स्टेड यांचे चरित्र म्हणूनच आजही उद्बोधक आहे.

हाल्स्टेड यांचा जन्म १८५२ साली न्यूयॉर्क येथे झाला. वैद्यकाची पदवी घेतल्यावर दोन वर्षे त्यांनी युरोपातील शल्यगृहे अभ्यासली. १८८२ च्या सुमारास आई पित्ताशयाच्या विकाराने अत्यवस्थ झाली असता, स्वयंपाकघरातील टेबलावरच त्यांनी तिचे खडे काढले, ती वाचली. पुढे शरीराचा भाग बधिर करण्यासाठी कोकेनचे प्रयोग त्यांनी स्वतःवर केले आणि व्यसनाने त्यांना ग्रासले. ज्ञानाची किंमत त्यांनी स्वतःच्या देहाने मोजली.

बाल्टिमोरचे जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय १८८९ मध्ये सुरू झाले. तेथे त्यांनी निवासी शल्यचिकित्सकांच्या शिक्षणाची घडी बसविली. शिष्याने रुग्णालयातच राहावे, वर्षानुवर्षे वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम करावे आणि पात्रता सिद्ध होईल तशीच जबाबदारी वाढावी, हे तिचे सूत्र होते. ही पद्धत कठोर होती. शेवटच्या पायरीपर्यंत मोजकेच पोहोचत. नियतीचा खेळ असा की, हाल्स्टेड यांनाही पित्ताचे खडे झाले. १९२२ मध्ये त्यांच्याच शिष्यांनी त्यांच्यावर पुन्हा शस्त्रक्रिया केली. त्यानंतरच्या गुंतागुंतीत ७ सप्टेंबर रोजी त्यांचे निधन झाले. उत्तम गुरूचे उत्तम शिष्यही धोका पूर्णतः टाळू शकत नाहीत. मग अर्धशिक्षित हाताविषयी काय बोलावे?

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी १९९० मध्ये दुर्बिणीने पित्ताशय काढले, ती भारतातील या शस्त्रक्रियेची सुरुवात होती. या तंत्रात बोटांचा थेट स्पर्श नाही, पडद्यावरील चित्रच मार्गदर्शक. मुख्य पित्तनलिका हीच पित्ताशयाची नलिका समजून कापली गेली, तर रुग्णाचे आयुष्यभराचे नुकसान होते. म्हणून आधी पेटीतील नकली अवयवांवर सराव, मग कॅमेरा धरणे, मग वरिष्ठांच्या नजरेखाली एकेक टप्पा. आणि पित्ताशयाला जाणारी नलिका व धमनी निःसंशय दिसल्याखेरीज कात्री न चालविणे, हा क्रम अटळ आहे.

या क्रमाला वेळ, पैसा आणि शिक्षकाचे लक्ष लागते. शस्त्रक्रियांची नुसती संख्या मोजणाऱ्या हिशेबात हा खर्च दिसत नाही. पण शिकण्याची किंमत कोणालातरी मोजावीच लागते. संस्थेने ती टाळली, तर ती अखेर रोह्याच्या कामगाराकडूनच वसूल होते.