इग्नाट्स गोल्डत्सीहर : अल्-अझहरमधील अध्ययन आणि त्यानंतर

एकोणिसाव्या शतकात युरोपीय विद्यापीठांतून अरबी व्याकरण आत्मसात केलेले विद्वान पुष्कळ होते. परंतु अरबी ग्रंथ ज्या परंपरेत पिढ्यान्‌पिढ्या शिकविले जात, त्या परंपरेच्या वर्तुळात स्वतः विद्यार्थी होऊन बसणारे विरळाच. हंगेरीचे इग्नाट्स गोल्डत्सीहर हे या विरळांपैकी एक होत.

त्यांचा जन्म १८५० साली सेकेशफेहेरवार येथे एका ज्यू कुटुंबात झाला. हिब्रू धर्मग्रंथ व ताल्मूद यांचे संस्कार त्यांच्यावर बालपणीच झाले आणि वयाच्या बाराव्या वर्षी ज्यू प्रार्थनांच्या इतिहासावर त्यांनी एक पुस्तिका लिहिली. पेस्टच्या विद्यापीठात त्यांना वाम्बेरी यांचे मार्गदर्शन लाभले. पुढे शिक्षणमंत्री एत्व्योश यांच्या साह्याने ते जर्मनीस गेले आणि १८७० मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, लाइप्झिग येथे फ्लायशर यांच्या हाताखाली डॉक्टरेट मिळवून मोकळे झाले. फ्लायशर यांच्या अध्यापनाचा भर व्याकरण आणि पाठचिकित्सा यांवर होता. त्यानंतरच्या लायडनमधील वास्तव्यात मात्र गोल्डत्सीहर यांची दृष्टी शब्दांकडून इस्लामच्या बौद्धिक इतिहासाकडे वळली.

१८७३ च्या सप्टेंबरात शासकीय साह्याने ते पूर्वेकडे निघाले. बोलीभाषा आणि दप्तरी अरबी शिकून यावी, अशी शासनाची अपेक्षा होती; त्यांचा ओढा मात्र उलेमांच्या सहवासाकडे होता. दमास्कसमध्ये त्यांनी तो मनसोक्त अनुभवला. कैरो येथे शिक्षणमंत्री रियाज पाशा यांच्या शिफारशीमुळे अल्-अझहरमध्ये अध्ययनाची दुर्मिळ अनुमती त्यांना मिळाली. तेथे विद्यार्थी मशिदीत शिक्षकाभोवती वर्तुळ करून बसत आणि मूळ ग्रंथ, त्यावरील भाष्य व त्या भाष्यावरील टीपा असा क्रमाने पाठ चाले. धर्मांतर न करता, आपल्या श्रद्धेशी एकनिष्ठ राहून, गोल्डत्सीहर या वर्तुळात सामावले. ताल्मूदच्या वादविवादांत वाढलेल्या या तरुणाला ही रीत सर्वस्वी परकी वाटली नसावी. गुरुमुखातून आलेले वचन, त्याच्या अर्थाविषयीचा मतभेद आणि त्या मतभेदाचीही जतन केलेली परंपरा, हे त्याला घरीच परिचित होते.

हे सुख अल्पकाळच टिकले. १८७४ च्या वसंतात ते मायदेशी परतले आणि त्याच वर्षी त्यांचे वडील वारले. विद्यापीठातील ज्या अध्यासनाची त्यांना आशा होती, ते अन्य व्यक्तीस देण्यात आले होते. चरितार्थासाठी १८७६ पासून त्यांनी पेस्टच्या ज्यू समाजाचे चिटणीसपद पत्करले आणि जवळजवळ तीस वर्षे पत्रव्यवहार, हिशेब व सभांची कामे सांभाळली. ही चाकरी त्यांना अतिशय जाचक वाटे. संशोधनासाठी उरत त्या रात्री आणि सुटीचे दिवस.

याच उरल्यासुरल्या वेळात १८८४ मध्ये जाहिरी पंथावरील आणि १८८९-९० मध्ये इस्लामी अध्ययनाचा द्विखंडात्मक ग्रंथ सिद्ध झाला. हदीस वाङ्मयाचा पुष्कळसा भाग पैगंबरकाळाचा नव्हे, तर नंतरच्या पिढ्यांतील राजकीय व धार्मिक संघर्षांचा साक्षीदार आहे, हा त्यातील दुसऱ्या खंडाचा निष्कर्ष आजही वादविषय आहे. या निष्कर्षाला अनेक मुस्लिम पंडितांनी विरोध केला, तर पुढील काही संशोधकांनी त्याला मुरड घातली. तथापि हदीसविषयक चर्चेला तो ओलांडून जाता आलेले नाही. ज्या परंपरेने त्यांना विद्यार्थी म्हणून स्वीकारले, तिचीच त्यांनी अशी कठोर चिकित्सा करावी, यात विसंगती दिसते खरी. पण ती परंपरा स्वतःही हदीस कथन करणाऱ्यांची शृंखला पारखून घेत आली होती. गोल्डत्सीहर यांनी ही पारख इतिहासाच्या भूमीवर नेली.

१८९४ मध्ये केंब्रिजचे निमंत्रण आले असता त्यांनी ते नाकारले. बुडापेस्ट येथे वेतनासह प्राध्यापकपद मिळाले ते १९०५ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षाच्या सुमारास. १९२१ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचा ग्रंथसंग्रह पुढे जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात गेला. त्यांची दैनंदिनी १९७८ मध्ये प्रकाशित झाली. चाकरीच्या काळातील कटुता तिच्यात विपुल आहे; पूर्वेकडील त्या काही महिन्यांचे स्मरण मात्र अखेरपर्यंत निर्मळ राहिलेले दिसते.