पेटीचे उपासक कै. गोविंदराव टेंबे

वार्षिक संमेलन संपले म्हणजे गाणाऱ्या मुलामुलींची वाहवा होते व बक्षिसेही त्यांनाच मिळतात. रंगमंचाच्या कडेस बसून ज्याने तासभर भाता हलविला आणि सर्वांचा सूर सांभाळला, त्या पेटीवाल्या मुलाचे नाव मात्र कार्यक्रमपत्रिकेत शोधूनही सापडत नाही. त्याच्या घरची वडील मंडळीही कधी कधी विचारतात की, दुसऱ्याच्या गाण्यामागे हा किती दिवस बसणार? हा प्रश्न आम्हांस क्षुल्लक वाटत नाही. त्याचे उत्तर ज्यांच्या आयुष्यात स्वच्छ दिसते, अशा एका थोर साथीदाराचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहो.

प्रथम पेटीविषयी दोन शब्द. हे वाद्य मूळचे आपले नव्हे. पॅरिस शहरी आलेक्सांद्र दबें नामक कारागिराने 1842 साली हार्मोनियमचा हक्क नोंदविला. मिशनरी लोकांनी उपासनेतील गीतांकरिता हे वाद्य हिंदुस्थानात आणले. पुढे कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांनी त्यास हाताने चालणारा भाता बसविला. त्यामुळे मांडी घालून बसणाऱ्या आपल्या गवयांस ते सोयीचे झाले. प्रार्थनामंदिरातून ते कीर्तनात गेले, नाटकात गेले, आणि आमच्या तळ्यासारख्या डोंगराआडच्या गावी भजनी मंडळाच्या मध्यभागी येऊन बसले.

गोविंद सदाशिव टेंबे यांचा जन्म 5 जून 1881 रोजी झाला. त्यांच्या मनाची घडण कोल्हापुरात झाली. शाहू महाराजांच्या आश्रयामुळे त्या काळी कोल्हापूर हे कलावंतांचे माहेरघर बनले होते. तेथील देवल क्लबात गोविंदरावांच्या कानांवर उत्तम गाणे पडू लागले. पेटीवर हात त्यांनी बहुतांशी स्वतःच्याच प्रयत्नाने बसविला. परंतु हात तयार होणे निराळे आणि कान तयार होणे निराळे. कान तयार झाला तो थोर गवयांच्या सहवासात. गायनाचार्य भास्करबुवा बखले यांच्या मैफलींत ते पेटीची साथ करीत. दरबारगायक अल्लादियाखाँ यांच्यापाशी बसून त्यांनी रीतसर तालीम घेतली नाही, तथापि त्यांस ते गुरुस्थानी मानीत, आणि पुढे त्यांचे चरित्रही गोविंदरावांनीच लिहिले.

साथ करणे म्हणजे काय, हे मुलांनी नीट समजून घ्यावे. आपल्या गायनात पुढची तान कोणती येणार हे कागदावर लिहिलेले नसते. ती गवयाच्या मनात त्याच क्षणी उपजते. साथीदाराने ती ऐकावी, ओळखावी आणि निमिषमात्र मागे राहून बोटांनी उमटवावी. गवई श्वास घेण्यास थांबला तर ती पोकळी सुराने भरावी, आणि तो पुन्हा गाऊ लागताच आपण मागे सरावे. पेटीत एक मोठे वैगुण्यही आहे. सप्तकात तिच्या पट्ट्या बाराच, आणि त्यांचे सूर कायमचे ठरलेले. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तिच्यातून निघत नाही. म्हणून जाणत्या वादकास कोठे वाजवावे याच्याइतकेच कोठे हात आवरावा हेही कळावे लागते. या वैगुण्याचे कारण सांगून ऑल इंडिया रेडिओने 1940 साली पेटीस आपल्या केंद्रांवर बंदी केली. ती बंदी पुढे 1971 साली शिथिल झाली. ज्या वाद्यावर एवढा आक्षेप होता, त्यावरच गोविंदरावांनी महाराष्ट्रात कीर्ती मिळविली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आता मागे बसून ऐकल्याचे फळ पाहा. 1911 साली किर्लोस्कर नाटक मंडळीने कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘मानापमान’ हे नाटक रंगभूमीवर आणले. तोपर्यंत पदांच्या चाली बहुधा नाटककारच योजीत असत. या नाटकाच्या चाली मात्र गोविंदरावांनी दिल्या. उत्तर हिंदुस्थानातील ठुमरी, दादरा, कजरी यांचे अनेक नमुने त्यांच्या कानांत साठलेले होते. त्या साठ्यातून त्यांनी मराठी पदांस नवे वळण दिले, आणि ती पदे घरोघर पोहोचली. पुढे धैर्यधराची भूमिकाही त्यांनी स्वतः केली. 1913 साली बालगंधर्व व गणपतराव बोडस यांच्यासमवेत ते गंधर्व नाटक मंडळीचे एक संस्थापक झाले. काही काळाने तेथून निघून त्यांनी शिवराज ही आपली स्वतंत्र नाटक मंडळी काढली. 1932 साली प्रभात कंपनीने ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट काढला. त्यात दुर्गाबाई खोटे यांच्या तारामतीसमोर हरिश्चंद्र झाले ते गोविंदरावच, आणि संगीतही त्यांचेच. शिवाय त्यांनी नाटके लिहिली, आणि ‘माझा संगीत व्यासंग’ या ग्रंथात आपल्या अभ्यासाची हकीकत नमूद केली. 9 ऑक्टोबर 1955 रोजी त्यांचे देहावसान झाले.

हे सर्व यश एकीकडे ठेवून आम्ही पुन्हा त्या पेटीकडे वळतो. श्रोता गाणे ऐकतो ते आनंदाकरिता. साथीदार ऐकतो ते कर्तव्य म्हणून, आणि त्यास एकही सूर निसटू देऊन चालत नाही. इतके बारकाईने ऐकणाऱ्याच्या पदरी जे पडते, ते पुढे बसून टाळ्या घेणाऱ्याच्याही वाट्यास नेहमी येत नाही. युरोपातही हेच दिसते. इंग्लंडचे जेराल्ड मूर यांनी थोर गायकांना पियानोची साथ करण्यातच आपले आयुष्य वेचले, आणि साथीदारास खाली मान घालण्याचे कारण नाही, हे आपल्या लेखणीने व वादनाने लोकांस पटवून दिले.

प्रत्येक साथीदार गोविंदराव टेंबे होईल, असे आमचे म्हणणे नाही. बहुतेकांची नावे विसरली जातील. तथापि उपासनेत शंभर मुलांचा आवाज एका सुरावर ठेवणारा मुलगा त्या क्षणी जे करतो, ते नाव छापल्याने वाढत नाही आणि न छापल्याने घटत नाही. ज्यास एकच रुपया सोपविला होता, त्याने तो जमिनीत पुरून ठेवला म्हणून धनी त्याजवर रागावला, हा दृष्टांत आपणांस ठाऊक आहेच. सोपविलेले थोडे असणे हा दोष नव्हे. ते पुरून ठेवणे हा दोष होय.

म्हणून पालकांस आमची विनंती आहे की, मूल दुसऱ्याच्या गाण्यामागे पेटी घेऊन बसले तर त्यास उठवू नये. आणि पुढील संमेलनाच्या कार्यक्रमपत्रिकेत गाणाऱ्यांच्या नावांखाली साथीदाराचे नाव छापण्याची आठवण आम्ही शिक्षकांनीही ठेविली पाहिजे.