ल्हासाची वाट आणि परतीचे वचन

फेब्रुवारी १९२४. तिबेटी नववर्षाच्या सुमारास ल्हासाकडे निघालेल्या यात्रेकरूंच्या गर्दीत एक मळकट भिकारीण आणि तिचा तरुण लामा मुलगा होता. तिच्या चेहऱ्याला काजळी फासलेली, केसांत याकच्या केसांचे गंगावण. परकीयांना मज्जाव असलेल्या या नगरीत एक युरोपीय स्त्री दाखल झाल्याचे कुणाच्या ध्यानीही आले नाही. अलेक्झांड्रा डेव्हिड-नील यांचे वय तेव्हा ५५ होते.

२४ ऑक्टोबर १८६८ रोजी पॅरिसजवळ जन्मलेल्या अलेक्झांड्रा यांना पौर्वात्य विचारांची ओढ लागली ती पॅरिसच्या गीमे संग्रहालयात. बुद्धमूर्तींच्या सान्निध्यात आणि तेथील ग्रंथालयात त्यांना आपली वाट दिसली. पोटासाठी मात्र त्यांनी ऑपेरात गायन केले. हनोईच्या रंगभूमीवरही त्या गायल्या. १९०४ मध्ये ट्युनिसमध्ये रेल्वे अभियंता फिलिप नील यांच्याशी त्यांचा विवाह झाला. घर सुखवस्तू होते, पण मन त्यात रमेना. १९११ मध्ये बौद्ध धर्मावरील त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. तथापि ग्रंथांतून उमगलेला बुद्ध त्यांना पुरेसा वाटत नव्हता.

त्याच वर्षी, सुमारे दीड वर्षात परतण्याचे आश्वासन पतीला देऊन त्या भारताकडे निघाल्या. परतल्या त्या १४ वर्षांनी!

१९१२ मध्ये कालिम्पाँग येथे त्यांची तेराव्या दलाई लामांशी भेट झाली. तिबेटी भाषा शिकण्याचा त्यांचा सल्ला अलेक्झांड्रा यांनी शिरोधार्य मानला. उत्तर सिक्कीममधील लाचेनच्या एका साधकाचे शिष्यत्व पत्करून त्या हिमालयातील गुहेत राहिल्या. तेथेच योंगदेन हा किशोर त्यांच्या सेवेत आला. पुढे तो त्यांचा दत्तकपुत्र झाला. १९१६ मध्ये विनापरवाना तिबेटमधील शिगात्से गाठल्याबद्दल ब्रिटिश अधिकाऱ्यांनी त्यांना सिक्कीममधून बाहेर काढले. मग जपान, कोरिया, चीन आणि कुम्बुमचा मठ असा प्रचंड वळसा घालून, बंद दाराच्या दुसऱ्या बाजूने त्या ल्हासाला पोहोचल्या.

या सगळ्या काळात फिलिप पैसे पाठवीत राहिले, पत्रांची वाट पाहत राहिले. १९२५ मध्ये अलेक्झांड्रा मायदेशी परतल्या, परंतु मोडलेला संसार पुन्हा उभा राहिला नाही. पत्रांतील स्नेह मात्र १९४१ मध्ये फिलिप यांचे निधन होईपर्यंत टिकला. ती वार्ता आली तेव्हा त्या पुन्हा चीनमध्येच होत्या. अनासक्तीचा मार्ग त्यांनी स्वतः निवडला होता. त्याचे मोल मात्र तो न निवडलेल्या एका माणसानेही चुकते केले. अलेक्झांड्रा यांच्या धाडसाची गाथा सांगताना ही बाजू झाकता येत नाही.

१९५५ मध्ये योंगदेनही गेला. फ्रान्समधील दीन्य येथील घरात अलेक्झांड्रा लिहीत राहिल्या आणि वयाच्या शंभरीत त्यांनी पारपत्राच्या नूतनीकरणासाठी अर्ज केला. ८ सप्टेंबर १९६९ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. १९७३ मध्ये त्यांच्या आणि योंगदेनच्या अस्थी वाराणसीला आणून गंगेत विसर्जित करण्यात आल्या. आयुष्यभर ज्या पूर्वेचा त्यांनी ध्यास घेतला, तिथेच अखेरचा प्रवास संपला.