अँटेनाला लहर झेपेना, म्हणून मार्कोनीने लहरच बदलली

बीडमध्ये मोबाईलवर आकाशवाणीचं एफएम लावायचं म्हटलं की आधी इअरफोनची वायर शोधावी लागते. वायर खुपसली नाही तर नुसती खरखर. एफएमची लहर साधारण ३ मीटर लांब असते. ती नीट पकडायला तिच्या पाव भागाएवढी, म्हणजे पाऊण मीटर तार लागते. मोबाईलच्या पोटात एवढी जागा नाही, म्हणून इअरफोनच्या वायरलाच अँटेना केलंय.

हीच अडचण एका माणसाच्या मागे वीसेक वर्षं लागली होती. गुग्लिएल्मो मार्कोनी.

जन्म २५ एप्रिल १८७४, इटलीतल्या बोलोन्याचा. वडील जमीनदार, आई आयर्लंडच्या जेमसन व्हिस्कीवाल्यांची लेक. १८९५ मध्ये पोराने घरच्याच वाड्यात प्रयोग मांडले. तार उंच टांगली, दुसरं टोक जमिनीत गाडलं आणि सिग्नल टेकडीपलीकडे गेला. पोचल्याची खूण काय, तर बंदुकीचा बार!

तार जेवढी उंच, तेवढा पल्ला लांब, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं. १२ डिसेंबर १९०१ ला न्यूफाउंडलंडमध्ये त्याने पतंगाला सुमारे १५० मीटर तार बांधली आणि अटलांटिकपलीकडचा सिग्नल ऐकल्याचं जाहीर केलं. (खरंच ऐकला का, यावर अभ्यासक आजही भांडतात. त्या रिसीव्हरमागे आपल्या जगदीशचंद्र बोसांचं काम होतं, हा वाद वेगळाच.) १९०९ मध्ये ब्राउनसोबत नोबेलही मिळालं.

पण दूर जायचं म्हणून तो लहरी वाढवत गेला. आयर्लंडमधल्या क्लिफडेन स्टेशनच्या लहरी तर किलोमीटरमध्ये मोजायच्या. आता शंभर मीटरचा मनोराही त्यांच्यापुढे ठेंगणाच! अँटेना लहरीपेक्षा फारच लहान असली की बरीचशी ऊर्जा तिच्याभोवतीच मागेपुढे हेलकावते, तारेत आणि जमिनीत उष्णता होऊन संपते, बाहेर थोडीच पडते. शिवाय ती फ्रिक्वेन्सीच्या अगदी अरुंद पट्ट्यातच काम करते. ही मर्यादा कारागिराच्या हातातली नाही. व्हीलरने १९४७ मध्ये आणि चू यांनी १९४८ मध्ये ती गणितात बसवली. ढोबळमानाने सांगायचं तर लहर तीच ठेवून अँटेना निम्मी केली, तर वीज वाया न घालवता मिळणारा पट्टा आठपट अरुंद होतो.

मार्कोनीकडे हे गणित नव्हतं. पण पैसा आणि वर्षं लांब लहरींमध्ये ओतल्यावर त्याने आपलं चुकल्याचं जाहीरपणे मान्य केलं. एवढ्या मोठ्या धंद्याच्या मालकाने हे म्हणणं सोपं नव्हतं. १९२३ मध्ये 'इलेत्रा' या बोटीवरून केप व्हर्देपर्यंत जात त्याने आखूड लहरी तपासल्या. जोडीला फ्रँकलिन नावाचा हुशार इंजिनिअर होता.

आणि इथे आपला महाराष्ट्र येतो. १९२७ मध्ये इंग्लंडशी बिनतारी संपर्क सुरू झाला. संदेश पाठवायचं स्टेशन पुण्याजवळ खडकीला, घ्यायचं दौंडला. हो, रेल्वे जंक्शनवालं दौंड! मनोरे इथेही उंचच होते, पण आता लहर त्यांच्यापेक्षा आखूड होती. त्यामुळे तारांचा पडदा टांगून टॉर्चसारखा झोत थेट इंग्लंडकडे वळवता आला, तोही बऱ्याच कमी विजेत.

पुढे मुसोलिनीशी त्याची जवळीक राहिली, तो डाग पुसला गेला नाही. २० जुलै १९३७ ला रोममध्ये मार्कोनी वारला. त्याच्यासाठी जगभरातली रेडिओ स्टेशनं दोन मिनिटं गप्प राहिली.