विश्लेषण : स्वतःची भट्टी नसलेल्या दुकानदाराने सिंगल माल्टला नाव कसे मिळवून दिले? कोण होते जॉर्ज अर्कर्ट?

सिंगल माल्ट स्कॉचच्या बाटलीवर आज डिस्टिलरीचे नाव ठळकपणे छापलेले असते. साठ वर्षांपूर्वी मात्र यातील बहुतेक नावे स्कॉटलंडबाहेर कुणाला ठाऊक नव्हती. ती ग्राहकांपर्यंत पोहोचवण्यात एल्गिन या छोट्या शहरातील एका किराणा दुकानाचा आणि ते चालवणाऱ्या जॉर्ज अर्कर्ट यांचा मोठा वाटा होता. ‘इंडिपेंडेंट बॉटलिंग’ म्हणजेच स्वतंत्रपणे बाटलीबंद केलेल्या व्हिस्कीची गोष्ट त्यांच्या आयुष्याशी जोडलेली आहे.

किराणा दुकानात व्हिस्की कुठून आली?

जेम्स गॉर्डन आणि जॉन अलेक्झांडर मॅकफेल यांनी मे १८९५ मध्ये एल्गिनच्या साऊथ स्ट्रीटवर ‘गॉर्डन अँड मॅकफेल’ हे दुकान उघडले. चहा, किराणा, वाइन आणि व्हिस्की असा तिथला माल होता. त्याच वर्षी जॉन अर्कर्ट नावाचा मुलगा तिथे उमेदवारीला लागला. १९१५ मध्ये मॅकफेल निवृत्त झाले, पाठोपाठ गॉर्डन यांचे निधन झाले आणि जॉन दुकानाचे मुख्य भागीदार बनले.

एल्गिन हे स्पे नदीच्या खोऱ्याजवळचे शहर. स्कॉटलंडमधील निम्म्याच्या आसपास डिस्टिलरी याच परिसरात आहेत. जॉन तिथून नुकताच गाळलेला, पाण्यासारखा रंगहीन अर्क विकत घेत आणि स्वतः निवडलेल्या ओकच्या पिंपांत भरून मुरत ठेवत. कुणाचा अर्क कोणत्या लाकडात किती वर्षे ठेवायचा, याचा निर्णय दुकानदाराचा असे. स्वतंत्र बॉटलरचे मूळ काम ते हेच.

जॉर्ज यांनी सूत्रे कधी घेतली?

जॉर्ज यांचा जन्म १९१९ चा. १९३३ मध्ये शाळा सोडून ते वडिलांच्या हाताखाली कामाला लागले. अर्काचा वास घेणे, पिंपांची पारख करणे, हिशेब ठेवणे हे त्यांचे शिक्षण दुकानातच झाले. काळ कठीण होता. अमेरिकेतील दारूबंदी आणि जागतिक मंदी यांनी स्कॉच उद्योगाचे कंबरडे मोडले होते. पुढे दुसऱ्या महायुद्धात धान्य अन्नासाठी राखून ठेवावे लागल्याने अनेक डिस्टिलरी बंद पडल्या. अशा दिवसांतही अर्कर्ट पितापुत्रांनी पिंपे भरणे सोडले नाही. १९३८ मध्ये मॉर्टलॅक आणि फेब्रुवारी १९४० मध्ये ग्लेनलिव्हेट डिस्टिलरीचा अर्क भरलेली त्यांची पिंपे पुढे जगप्रसिद्ध झाली.

१९५६ मध्ये दुकानाची सूत्रे जॉर्ज यांच्याकडे आली. गावात आणि व्यवसायात ते ‘मिस्टर जॉर्ज’ म्हणून ओळखले जात.

१९६८ मध्ये काय बदलले?

त्या काळी स्कॉच म्हणजे ब्लेंडेड व्हिस्की. वेगवेगळ्या डिस्टिलरींचे माल्ट आणि इतर धान्यांपासून बनवलेली व्हिस्की एकत्र करून मोठ्या कंपन्या आपल्या ब्रँडखाली विकत. माल्ट बनवणाऱ्या डिस्टिलरीचे नाव ग्राहकाला कळतही नसे. ग्लेनफिडिकने १९६३ पासून आपला सिंगल माल्ट परदेशात नेटाने विकायला सुरुवात केली. पण ती एका डिस्टिलरीची एक व्हिस्की होती.

जॉर्ज यांनी १९६८ मध्ये ‘कॉनॉसर्स चॉइस’ ही मालिका बाजारात आणली. एकाच मालिकेत अनेक डिस्टिलरींचे माल्ट वेगवेगळ्या बाटल्यांत आणि बाटलीवर त्या डिस्टिलरीचे नाव, अशी ही कल्पना होती. यातील कित्येक डिस्टिलरी स्वतःच्या नावाने एक बाटलीही विकत नव्हत्या. इटली, फ्रान्स, नेदरलँड्स आणि अमेरिकेत या बाटल्या गेल्या. धोकाही मोठा होता. दहा-वीस वर्षे पैसा पिंपांत अडकवायचा आणि ज्या मालाला बाजारच नाही, त्यासाठी बाजार उभा करायचा. व्हिस्कीचे अभ्यासक आज सिंगल माल्टच्या प्रसाराचे मोठे श्रेय जॉर्ज यांना देतात, ते यामुळेच.

बंद डिस्टिलरींची चव कशी टिकली?

१९८३ मध्ये मागणी घटल्याने पोर्ट एलेन, ब्रोरा, सेंट मॅग्डलीन अशा अनेक डिस्टिलरींना टाळे लागले. पण तिथला अर्क स्वतंत्र बॉटलरांच्या गोदामांत मुरत राहिला आणि पुढली अनेक वर्षे बाटलीतून बाहेर येत गेला. बंद झालेल्या डिस्टिलरीची चव काय होती, हे नव्या पिढीला त्यातून कळले. ब्रोरा २०२१ मध्ये आणि पोर्ट एलेन २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली. यामागे जुन्या बाटल्यांनी टिकवलेल्या कीर्तीचाही हात आहे.

चवीत नेमका फरक काय?

डिस्टिलरी स्वतःच्या नावाने बाटली काढते तेव्हा अनेक पिंपांतील माल एकत्र करते. दरवर्षी चव सारखीच लागावी, हा त्यामागचा हेतू. बहुतेकदा पाणी घालून मद्यार्काचे प्रमाण ४० ते ४३ टक्क्यांवर आणले जाते. गारठ्यात व्हिस्की गढूळ दिसू नये म्हणून ती थंड करून गाळतात, तर रंग सारखा दिसण्यासाठी कॅरॅमल घालण्याचीही नियमात मुभा आहे.

स्वतंत्र बॉटलर अनेकदा एकाच पिंपातली व्हिस्की, पिंपातल्या तीव्रतेनेच बाटलीत भरतो. बर्बनच्या जुन्या पिंपातून व्हॅनिलाचा गोडवा येतो, शेरीच्या पिंपातून मनुका-अंजिराचा. शेजारी ठेवलेली दोन पिंपेही सारखी निघत नाहीत. म्हणून अशी व्हिस्की चाखताना आधी वास, मग छोटा घोट आणि त्यानंतर पाण्याचे काही थेंब टाकून पुन्हा घोट, असा क्रम पाळतात. तीव्र मद्यार्काने जीभ बधिर होते. पाण्याने दबलेले गंध मोकळे होतात. एडिनबरामध्ये १९८३ मध्ये स्थापन झालेली ‘स्कॉच माल्ट व्हिस्की सोसायटी’ तर बाटलीवर डिस्टिलरीचे नाव न छापता क्रमांक देते. नावाचा प्रभाव जिभेवर पडू नये, ही त्यामागची भूमिका आहे.

यात तोटाही आहे. एकाच पिंपातली व्हिस्की आवडली तरी ती संपली की पुन्हा मिळत नाही आणि प्रत्येक पिंप चांगलेच निघेल याची हमी नसते. त्यामुळे बॉटलरच्या पारखीवर विश्वास ठेवावा लागतो.

इतकी वर्षे मुरवणे आपल्याकडे शक्य आहे का?

स्कॉटलंडच्या थंड गोदामात पिंपातून दरवर्षी सुमारे दोन टक्के व्हिस्की हवेत उडून जाते. या हिशेबाने ७० वर्षांनंतरही जवळपास पाव हिस्सा शिल्लक राहतो. बेंगळूरुत हेच प्रमाण वर्षाला १० ते १२ टक्के आहे. म्हणजे दहा वर्षांत सुमारे दोनतृतीयांश माल उडतो. भिवंडीच्या गोदामपट्ट्यात किंवा गरम पाण्याच्या कुंडांसाठी ओळखल्या जाणाऱ्या अकलोलीच्या उष्ण हवेत असे पिंप ठेवले, तर नातवासाठी त्यात फारसे काही उरणार नाही. उष्णतेने व्हिस्की लवकर मुरते, हा त्याचा फायदा. बेंगळूरुच्या जगदाळे कुटुंबाच्या ‘अमृत’ने याच बळावर ऑगस्ट २००४ मध्ये थेट ग्लासगोत आपला सिंगल माल्ट सादर केला. पुढे अमृतची पिंपेही ब्रिटनमधील स्वतंत्र बॉटलरांनी आपल्या नावाने बाटलीबंद केली.

जॉर्ज यांच्या मागे काय राहिले?

१९९३ मध्ये अर्कर्ट कुटुंबाने बंद पडलेली बेनरोमाक डिस्टिलरी विकत घेतली आणि १९९८ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. २००१ मध्ये जॉर्ज यांचे निधन झाले. तरुणपणी वडिलांसोबत मुरत ठेवलेली सर्वात जुनी व्हिस्की बाटलीत उतरलेली त्यांनी पाहिली नाही. १९३८ ची मॉर्टलॅक २०१० मध्ये, तर १९४० ची ग्लेनलिव्हेट २०११ मध्ये ७० वर्षांची होऊन बाजारात आली. त्याच दिवशी भरलेल्या ग्लेनलिव्हेटच्या आणखी एका पिंपातून ८० वर्षांच्या व्हिस्कीच्या अवघ्या २५० बाटल्या निघाल्या.

२०२३ मध्ये गॉर्डन अँड मॅकफेलने मोठा निर्णय जाहीर केला. २०२४ पासून इतर डिस्टिलरींचा नवा अर्क पिंपांत भरणे थांबवून आपल्या डिस्टिलरींवर लक्ष देण्याचे कंपनीने ठरवले. ज्यांची नावे कधीकाळी बाटलीवर येत नव्हती, त्या डिस्टिलरी आज स्वतःच्या नावावर माल विकतात आणि उत्तम पिंपे स्वतःकडे ठेवतात. त्यामुळे स्वतंत्र बॉटलरांना चांगला अर्क मिळवणे पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही. जॉर्ज यांनी सुरू केलेल्या कामाचे हे यशच म्हणावे लागेल. एल्गिनच्या गोदामांत आधीच भरून ठेवलेली पिंपे मात्र यापुढेही कित्येक वर्षे उघडत राहतील.