सर गिल्बर्ट वॉकर

मृग नक्षत्र कोरडे गेले की उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या गावांतील लोकांच्या तोंडी बारवी धरणाचे नाव वारंवार येऊ लागते. बारवी नदी अडवून औद्योगिक विकास महामंडळाने बांधलेल्या या धरणाचे पाणी परिसरातील कारखान्यांना आणि घराघरांतील नळांना मिळते. जलाशय आटत चालला म्हणजे पाणीकपातीच्या सूचना निघतात, आणि जो तो एकच गोष्ट विचारू लागतो : यंदा पाऊस किती पडेल? धरणाची भिंत माणसाला उंच करता येते. परंतु तिच्यामागे साठणारे पाणी आभाळातूनच यावे लागते. ते किती येणार, हे दोन महिने आधी कळेल काय? या एका प्रश्नासाठी ज्यांनी आपल्या आयुष्याची वीस वर्षे हिंदुस्थानात वेचली, त्या सर गिल्बर्ट वॉकर यांचा हा परिचय आहे.

वॉकर यांचा जन्म 14 जून 1868 रोजी इंग्लंडमधील रॉचडेल येथे झाला. केंब्रिज विद्यापीठाच्या गणिताच्या परीक्षेत 1889 साली ते सर्वप्रथम आले आणि ‘सीनियर रँग्लर’ ठरले. दापोलीजवळच्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांनी हाच मान बरोबर दहा वर्षांनी मिळविला, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. वॉकर यांना बूमरँगचा मोठा नाद होता. फेकलेले लाकूड वळून पुन्हा हाती कसे येते, याचेही गणित त्यांनी मांडले, आणि मित्रमंडळी त्यांना त्याच नावाने चिडवू लागली.

अशा या गणितज्ञाकडे हिंदुस्थानच्या हवामानाचे काम आले, त्यामागे मोठे दुःखद कारण होते. 1876 ते 1878 च्या दुष्काळात पुणे, सातारा, सोलापूर या जिल्ह्यांनी अन्नावाचून माणसे मरताना पाहिली. त्यानंतर हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातील बर्फाच्या साठ्यावरून पावसाचे भाकीत करण्यास आरंभ केला. ज्या वर्षी बर्फ अधिक, त्या वर्षी पाऊस कमी, असे त्यांचे निरीक्षण होते. पुढे जॉन एलियट यांनी हे काम चालविले. परंतु 1899 साली अंदाज साफ चुकला आणि देशावर पुन्हा भीषण दुष्काळ कोसळला. एलियट निवृत्त झाल्यावर 1904 साली वॉकर वेधशाळांचे महासंचालक झाले. हवामानशास्त्राचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते.

पाऊस का पडतो याविषयी त्यांनी आरंभी कोणताच सिद्धान्त मांडला नाही. त्यांनी नोंदी मागविल्या. एका स्तंभात हिंदुस्थानच्या पावसाचे वर्षावर्षाचे आकडे लिहावयाचे आणि शेजारी दूरच्या एखाद्या ठिकाणच्या हवेच्या दाबाचे. दोन्ही आकडे बरोबरीने चढतात-उतरतात काय, की एक चढला असता दुसरा उतरतो, हे मोजावयाचे. गणितात यास सहसंबंध म्हणतात. त्या काळी संगणक यंत्र नव्हते. सिमल्याच्या कार्यालयातील भारतीय कर्मचारीच गणक होते, आणि ते हे अगणित गुणाकार-भागाकार हाताने करीत. पुष्कळ जोड्या तपासल्या तर काही निव्वळ योगायोगानेही जुळतात, हा धोका वॉकर यांनी ओळखला होता. म्हणून कोणता मेळ खरा मानावा याची कसोटीही त्यांनी तयार केली. अशा रीतीने हिमालयाचे बर्फ, मॉरिशस व दक्षिण अमेरिका येथील हवेचा दाब आणि झांजीबारचा पाऊस एकत्र घेऊन त्यांनी मोसमी पावसाचे सूत्र बसविले. चिन्हे दुर्बळ असतील त्या वर्षी अंदाज न देणेच बरे, असे त्यांचे मत होते. खुर्चीवर बसलेल्या अधिकाऱ्याला असे मत पाळणे सोपे नसते.

विषय सोडून एक गोष्ट सांगतो. 1913 साली वॉकर मद्रासला गेले असता तेथील पोर्ट ट्रस्टमधील एका कारकुनाच्या वह्या त्यांना दाखविण्यात आल्या. त्या पाहून त्यांनी लगेच मद्रास विद्यापीठास पत्र लिहून या तरुणास संशोधनासाठी वृत्ती देण्याची शिफारस केली. तो कारकून म्हणजे श्रीनिवास रामानुजन.

सूत्राला यश मात्र मर्यादितच मिळाले. काही संबंध कालांतराने सैल पडले आणि दुष्काळाची हमखास पूर्वसूचना त्यांना देता आली नाही. तथापि आकड्यांच्या त्या राशीतून एक निराळीच गोष्ट हाती लागली. पॅसिफिक महासागरावर हवेचा दाब वाढला की हिंदी महासागरावर तो घटतो, आणि तिकडे घटला की इकडे वाढतो. जणू एकाच तराजूची ती दोन पारडी. 1924 साली वॉकर यांनी यास ‘दक्षिणी आंदोलन’ हे नाव दिले. त्याच वर्षी ते ‘सर’ झाले आणि निवृत्त होऊन मायदेशी परतले. पुढे 1934 पर्यंत त्यांनी लंडनच्या इंपीरियल कॉलेजात अध्यापन केले.

हा तराजू कशाने हलतो, हे त्यांना सांगता आले नाही. 4 नोव्हेंबर 1958 रोजी ते वारले, तेव्हा त्यांच्या शोधातून फारसे काही निष्पन्न झाले नाही, असेच अनेक जाणकारांस वाटत होते. अकरा वर्षांनी, 1969 साली, जेकब बियर्कनेस यांनी उलगडा केला. पॅसिफिकचे पाणी पूर्वेकडे तापते, त्या घटनेस एल निनो म्हणतात. तिचा आणि या तराजूचा निकट संबंध होता. समुद्रावरील वाऱ्यांच्या त्या चक्रास त्यांनी वॉकर यांचेच नाव दिले. नंतर तीनच वर्षांनी, 1972 साली, एल निनो आला आणि महाराष्ट्र दुष्काळात होरपळला.

वॉकर यांच्या पद्धतीने काम पुढेही चालू राहिले. 1988 साली डॉ. वसंत गोवारीकर यांच्या नेतृत्वाखाली सोळा घटकांचे प्रारूप तयार झाले. त्याने पुष्कळ वर्षे साथ दिली, पण 2002 चा दुष्काळ त्याला ओळखता आला नाही. आता वारा, समुद्र व ढग यांचे नियम समीकरणांत घालून संगणकच ती सोडवितो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत 2018 साली ‘प्रत्यूष’ हा महासंगणक या कामी बसविण्यात आला. जुलैमध्ये बारवीच्या डोंगरांवर सरी कोसळत असतात, त्या वेळी पुण्यातील शास्त्रज्ञ पॅसिफिकचे पारडे कोणीकडे झुकले आहे, हे पाहत असतात.